बाबरची जीभ

बाबरचे नाव निघाले की बोलणे लगेच तलवारीवर आणि मशिदीवर जाते. त्या नावाचा टोमणा आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. त्याच्या जिभेची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. ती त्याने स्वतःच चगताई तुर्कीत लिहून ठेवली. पुढे अकबरासाठी अब्दुर्रहीम खानखानाने तिचे फारसी भाषांतर केले.

बाबर १४८३ साली फरगाण्यातल्या अंदिजानला जन्मला. पानिपतची लढाई झाली १५२६ मध्ये, म्हणजे तेव्हा त्याची त्रेचाळिशी होती. खरबूज आणि द्राक्षांवर वाढलेला हा माणूस या वयात हिंदुस्थानी फळे चाखत होता आणि एकेकाची नोंद करत होता. आंबा, केळे, जांभूळ, बोर, चिंच, आवळा, उंबर, चारोळी, नारळ... काहीही सोडलेले नाही. मोठ्या वयात नवे फळ खाणारा प्रत्येकजण जे करतो तेच तो करतो, ओळखीच्या चवीशी ताडून पाहतो. केळे त्याला वांग्याहून लांब आणि बारीक वाटले, आंबा सोलून खाताना पीच आठवले.

फणसाने तर त्याला हैराणच केले. मेंढीचे आतडे-पोट उलटे करावे तसे हे फळ दिसते, चव मळमळावी इतकी गोड, आणि चिकट एवढे की खाण्याआधी काही लोक हाताला तोंडाला तेल लावतात, असे तो सांगतो. कोकणातल्या वाचकांना हे रुचणार नाही, पण तेलाची गोष्ट त्यांनीही नाकारू नये! आंब्याबाबत तो न्यायाने बोलतो. चांगला निघाला तर खरोखर चांगला. पण खाल्लेल्यांत अव्वल थोडेच. लोक कच्चा उतरवून घरात पिकवतात, ही तक्रारही आहेच. आंबा पिळून मऊ करायचा, भोक पाडायचे आणि रस चोखायचा, ही गावरान रीतही त्याने टिपली आहे.

पण मन तिकडेच होते. इथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबूज नाही, बर्फ नाही, अशी त्याची तक्रार होती. उष्ण हवेला कंटाळून काबूलकडे परतलेल्या ख्वाजा कलाँ या जुन्या सरदाराला त्याने १५२९ साली पत्र लिहिले. त्यात एक खरबूज आल्याचा मजकूर आहे. ते कापून खाताना आपल्याला रडू आले, असे बादशहा लिहितो. त्याने आग्र्याच्या बागेत खरबूज आणि द्राक्षे लावून घेतली. ती धरली तेव्हा तो समाधान पावला. पुढच्याच वर्षी वारला.

आता त्याचा पणतू जहांगीर पाहा. तो १६०७ मध्ये काबूलला गेला. पणजोबा ज्या मुलखासाठी झुरला, तिथली फळे त्याने मनसोक्त खाल्ली आणि लिहिले की ती गोड असली तरी माझ्या जिभेला त्यांतल्या एकालाही आंब्याची चव नाही. फक्त तीन पिढ्या! औरंगजेबाला त्याचा मुलगा आझम याने आंबे पाठवून त्यांना नावे मागितली, तेव्हा त्याने दिली ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’. खुलताबादला ज्याची साधी कबर आहे तोच हा बादशहा.

मधल्या काळात फिरंगी जहाजांतून अमेरिकेची फळे आली. ‘आईन-ए-अकबरी’त एका अननसाची किंमत चार दाम आहे, तेवढ्यात दहा आंबे येत. पेरू आणि सीताफळ हीसुद्धा अमेरिकेचीच. माझ्या वर्गातल्या मुलांना पुस्तकात ‘अमरूद’ भेटतो, घरी तो ‘जाम’ असतो आणि बाजारात पेरू किंवा जांब. ‘शरीफा’ तर पुस्तकातच राहतो, घरी सगळे सीताफलच म्हणतात. ज्या फळाच्या नावात सीता आहे आणि शराफतही, ते समुद्रापलीकडून आले, यावर मुले सहसा विश्वास ठेवत नाहीत.

अलीकडे आपल्या बाजारात ड्रॅगन फ्रूट दिसते. हेही मूळचे अमेरिका खंडाचे. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला ‘कमलम’ नाव दिले. आमच्या शाळेत एकाने ते आणले तेव्हा कोणाला टरबूज आठवले, कोणाला काकडी. निवृत्तीला आलेल्या एका सरांनी एक फोड नीट चावून खाल्ली, थोडा विचार केला आणि विचारले, “मीठ आहे का कुणाकडे?”