कापडावरील छपाई : स्क्रीन की डिजिटल?

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या टी-शर्टची मागणी वाढते. एकाच बोधचिन्हासाठी दोन दुकानांत दोन निराळे दर सांगितले जातात आणि कार्यकर्ते गोंधळतात. बहुतेक वेळा हा फरक दुकानदाराच्या नफ्यापेक्षा छपाईच्या पद्धतीमुळे पडलेला असतो. टी-शर्ट असो वा साडी, स्क्रीन आणि डिजिटल या दोन पद्धतींचे गणित मुळातच वेगळे आहे.

स्क्रीन छपाई : प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी

मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीतून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे रेशमाची जागा पॉलिएस्टरने घेतली, तत्त्व मात्र तेच राहिले. चौकटीवर ताणलेल्या जाळीला प्रकाशसंवेदी लेप देतात. नक्षीची फिल्म ठेवून तिच्यावर प्रकाश टाकला की नक्षीबाहेरचा भाग घट्ट होतो आणि नक्षीच्या जागेवरचा लेप पाण्याने निघून जातो. मग रबरी पट्टीने घट्ट रंग ओढला की तो मोकळ्या छिद्रांतून कापडावर उतरतो. नक्षीत जितके रंग, तितक्या स्क्रीन. पुढचा रंग आधीच्या रंगाशी अचूक जुळवणे हे कारागिराचे खरे कसब होय. मोठ्या उत्पादनासाठी निकेलच्या फिरत्या नळकांड्यांची 'रोटरी' पद्धत वापरतात. नेदरलँड्सच्या स्टॉर्क कंपनीने ती १९६३ मध्ये बाजारात आणली.

डिजिटल छपाई : संगणकातून थेट कापडावर

येथे फिल्म नाही आणि स्क्रीनही नाही. संगणकातील चित्राप्रमाणे यंत्राच्या 'हेड'मधून शाईचे सूक्ष्म थेंब कापडावर पडतात. मोजक्या मूळ शाईंच्या मिश्रणातून असंख्य छटा साधतात. त्यामुळे छायाचित्र किंवा जलरंगातील चित्र कापडावर उतरविणे सोपे होते. शाई मात्र कापडानुसार बदलावी लागते. सुतीसाठी रिअॅक्टिव्ह, रेशमासाठी बहुधा अॅसिड आणि पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स रंग वापरतात. शाई पसरू नये म्हणून कापडावर आधी रासायनिक प्रक्रियाही करावी लागते.

खर्चाचे गणित

स्क्रीन छपाईत मुख्य खर्च सुरुवातीच्या तयारीचा असतो. उदाहरणादाखल, चार रंगांच्या नक्षीसाठी एका स्क्रीनला ५०० रुपये धरले, तर तयारीचे २,००० रुपये होतात. टी-शर्ट २० असतील तर नगामागे १०० रुपयांचा भार पडतो आणि ५०० असतील तर केवळ ४ रुपयांचा. डिजिटलमध्ये हा भार नगण्य असतो. मात्र शाई महाग आणि वेग कमी असल्याने पहिल्या आणि पाचशेव्या नगाचा खर्च जवळपास सारखाच राहतो. म्हणून थोड्या नगांसाठी डिजिटल आणि मोठ्या संख्येसाठी स्क्रीन परवडते. एकच पाच मीटर कापड स्वतःच्या नक्षीत छापून घेणे डिजिटलमुळेच आवाक्यात आले.

गडद कापडावर ठसठशीत पांढरा रंग, सोनेरी किंवा चमकीची नक्षी, उठावाची अक्षरे यांसाठी आजही स्क्रीनला पसंती मिळते.

पाण्याचा प्रश्न

सौराष्ट्रातील जेतपूर हे साड्यांच्या छपाईचे मोठे केंद्र आहे. तेथील सांडपाण्यामुळे भादर नदी प्रदूषित होण्याचा प्रश्न अनेक वर्षे गाजत आहे. स्क्रीन छपाईत उरलेला रंग वाया जातो, शिवाय चौकटी धुण्यासाठी पाणी लागते. डिजिटलमध्ये ही नासाडी बरीच टळते. तथापि, 'डिजिटल म्हणजे पाणी लागतच नाही' हा दावा सरसकट खरा नाही. सुती कापडावरील रिअॅक्टिव्ह रंग पक्का करण्यासाठी वाफ द्यावी लागते. न चिकटलेला रंग आणि रसायने नंतर धुऊन काढावी लागतात. कागदावरून उष्णतेने रंग उतरविण्याच्या 'सब्लिमेशन' पद्धतीत पाणी जवळजवळ लागत नाही, पण ती प्रामुख्याने पॉलिएस्टरलाच लागू पडते. पिगमेंट शाईलाही धुलाई लागत नाही, केवळ उष्णता पुरते. मात्र छापलेल्या भागाचा स्पर्श किंचित कडक होऊ शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?

रंग टिकेल की नाही, हे केवळ पद्धतीवर ठरत नाही. शाई कापडाला योग्य आहे का आणि ती पुरेशा उष्णतेने पक्की केली आहे का, हे महत्त्वाचे. कच्ची भाजलेली स्क्रीन छपाई तडकते, तर चुकीच्या प्रक्रियेनंतरची डिजिटल छपाई धुण्यात फिकी पडते. म्हणून मोठी मागणी नोंदविण्यापूर्वी एक नमुना छापून घ्यावा, दोन-तीनदा धुवावा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला, तर दर कितीही कमी असला तरी तो सौदा महागच पडतो.