मास्कारेन्हस, लॅम्बर्ट

मास्कारेन्हस, लॅम्बर्ट : (१७ सप्टेंबर १९१४ – २७ जून २०२१). इंग्रजीतून लिहिणारे गोमंतकीय कादंबरीकार, कथाकार, नाटककार व पत्रकार. जन्म सासष्टी तालुक्यातील कोलवा येथे, कॅथलिक कुटुंबात. शिक्षण पुण्यात व मुंबईत. गोवा मुक्त झाला तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यामुळे त्यांच्या लेखनात येणारी पोर्तुगीज राजवट ही ऐकीव नाही, भोगलेली आहे.

त्या काळच्या शिकू पाहणाऱ्या गोवेकराला मुंबई गाठावीच लागे. घरात कोकणी, सरकारदरबारी पोर्तुगीज आणि नोकरीसाठी इंग्रजी, अशी ही तीन भाषांची कसरत असे. धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी चालवलेली ‘कुडी’ नावाची वसतिस्थाने अशा कितीतरींचा पहिला आसरा असत. मास्कारेन्हस यांनी मुंबईत पत्रकारिता पत्करली. ‘बॉम्बे सेंटिनल’मध्ये त्यांना बी. जी. हॉर्निमन यांच्या हाताखाली काम करायला मिळाले. इंग्रज असूनही इंग्रज सरकारवर आसूड ओढणाऱ्या या संपादकाला १९१९ मध्ये हद्दपार करण्यात आले होते. राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना खडसावता येते, हा धडा गिरवायला याहून चांगली शाळा मिळणे अवघड होते. पुढे मास्कारेन्हस यांनी ‘ऑनलुकर’मध्ये काम केले आणि गोवामुक्तीचा पुरस्कार करणाऱ्या ‘गोवन ट्रिब्यून’चे संपादनही केले.

‘सॉरोइंग लाइज माय लँड’ (१९५५) ही त्यांची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची कादंबरी. माझी भूमी शोकात बुडाली आहे, असा तिच्या नावाचा अर्थ. ती मुंबईच्या हिंद किताब्जने काढली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापण्यापूर्वी मजकूर सरकारी तपासनिसाकडे द्यावा लागे, तेव्हा असे पुस्तक तिथे निघणे शक्यच नव्हते. कथानक दक्षिण गोव्यातल्या एका खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबाचे आहे. कुटुंबप्रमुख टोबियस मानी आहे, श्रद्धाळू आहे आणि पोर्तुगीज सत्तेचा कट्टर विरोधक आहे. त्याची हकीकत त्याच्या मुलाच्या तोंडून येते. ही निवड लेखकाला चांगलीच लाभली आहे. मुलाला राजकारण कळत नाही. कळतो तो घरातला ताण, बापाचा हट्ट आणि त्या हट्टाची घरच्यांना मोजावी लागणारी किंमत. जिथे लेखकातला पत्रकार पुढे सरसावतो तिथे संवादांना भाषणाचा सूर लागतो, हेही खरे. पण चर्च, सण, शेजारपाजार आणि सोयरीक यांच्या वर्णनांत लेखणी सैलावते, आणि कादंबरी आज वाचावीशी वाटते ती या भागांमुळे.

प्रकाशनाचे वर्षही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५१ मध्ये सालाझारने वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव देऊन गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचा दावा केला होता. गोव्यातले ख्रिस्ती मनाने पोर्तुगीजच आहेत, हे त्या दाव्यामागचे एक मोठे गृहीतक. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्यात शिरले.  बापटांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मराठी वाचकाला हा लढा बहुधा असा सीमेबाहेरून आत जाणाऱ्यांच्या बाजूने माहीत असतो. मास्कारेन्हस तो आतून, आणि तोही कॅथलिक घराच्या आतून दाखवतात. टोबियसला आपली श्रद्धा आणि पोर्तुगालची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या ‘विराष्ट्रीयीकरणा’वर पुस्तिका लिहून जे युक्तिवादाने मांडले, ते इथे एका माणसाच्या वागण्यातून उभे राहते. ही कादंबरी पुढे म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने पुन्हा प्रकाशित केली.

गोमंतकीय ख्रिस्ती कादंबरीची परंपरा त्यांच्याआधी जवळपास नव्वद वर्षांइतकी जुनी होती, पण ती इतर भाषांत. फ्रान्सिस्कु लुईस गोमिश यांची ‘उश ब्राह्मणिश’ (१८६६) पोर्तुगीजमध्ये, तर एदुआर्द ब्रूनु द सौझा यांची ‘क्रिस्तांव घराबो’ (१९११) रोमी कोकणीत आहे. इंग्रजीतून गोवा रंगवणाऱ्या आरंभीच्या कादंबरीकारांत मास्कारेन्हस येतात. महाराष्ट्रातल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातील ख्रिस्ती लेखनाकडे पाहिले की भाषेचा हा फरक अधिक उठून दिसतो. तिथे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. कॅथलिकांचे ‘निरोप्या’ मासिक १९०३ मध्ये केंदळ गावी हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी काढले.  मिशनरी परदेशी असले तरी तिथल्या ख्रिस्ती लेखनाची भाषा मराठीच राहिली. सासष्टीच्या राशोलात जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. त्याच तालुक्यातल्या लेखकाला तीन शतकांनंतर आपल्या गावाची गोष्ट इंग्रजीत सांगावी लागली.

त्यांच्या कथा ‘इन द वूम ऑफ सौदाद’ या संग्रहात आहेत. ‘सौदाद’ या पोर्तुगीज शब्दाला मराठीत ‘हुरहूर’ हा जवळचा प्रतिशब्द. मात्र गेलेल्या गोष्टीची ओढ आणि ती पुन्हा मिळणार नाही ही जाणीव, दोन्ही त्यात एकत्र असतात. पोर्तुगीजांशी लेखणीने झगडलेल्या माणसाने आपल्या कथांसाठी त्यांचाच शब्द उसना घ्यावा, यात गंमत आहे. त्यात विसंगती मात्र नाही. त्यांचा राग राजवटीवर होता. तिच्या सावलीत वाढलेल्या जगण्यावर त्यांची माया होती. कथांत ही माया मोकळी होते, म्हणून कथाकार म्हणून ते कादंबरीकारापेक्षा अधिक सहज वाटतात. ‘द ग्रेटर ट्रॅजेडी’ हे नाटक त्यांनी लिहिले. ‘हार्टब्रेक पॅसेज’ ही कादंबरी त्यांच्या नव्वदीनंतर आली.

मुक्तीनंतर ते गोव्यात परतले. ‘नवहिंद टाइम्स’मध्ये त्यांनी सहसंपादकपद सांभाळले आणि १९६६ मध्ये पणजीहून ‘गोवा टुडे’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्या धगधगत्या काळातच या मासिकाचे पहिले अंक निघत होते. पुढची अनेक वर्षे गोव्याबाहेर विखुरलेल्या गोवेकरांनाही त्याने गावाशी बांधून ठेवले.

गोवा शासनाच्या ‘गोमंत विभूषण’ पुरस्काराने त्यांना गौरवण्यात आले. २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली होती. अखेरची वर्षे त्यांनी दोनापावला येथे काढली. वयाच्या १०६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.