‘सर, बाबासाहेब कुठं हुते?’

१९८३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. निपाणीहून आम्ही एस.टी.ची एक गाडी ठरवून नववी-दहावीची मुले कोल्हापूरला ‘गांधी’ चित्रपट दाखवायला नेली होती. मी तेव्हा तिशीतला, हायस्कुलात इतिहास शिकवणारा मास्तर. त्याच एप्रिलमध्ये या चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली होती. त्यातले वेशभूषेचे पारितोषिक जॉन मोलो यांच्यासह भानू अथय्या यांना मिळाले. भारतीय व्यक्तीला मिळालेले हे पहिले ऑस्कर आणि भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या, राजोपाध्यांच्या. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आणि गोखले झालेले डॉ. श्रीराम लागू तर आपलेच. आमच्या भागात या चित्रपटाचे केवढे अप्रूप होते ते सांगायला नको.

चित्रपट तीन तास अकरा मिनिटांचा. मुले एकदाही चुळबुळली नाहीत. जालियनवाला बागेचा प्रसंग आला तेव्हा थिएटर चिडीचूप झाले. धरासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींची एकेक रांग पुढे जाते, लाठ्या खाते, पडते आणि मागची रांग पुढे येते, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आले. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी रिचर्ड ॲटनबरो यांनी दिल्लीच्या राजपथावर सुमारे तीन लाख माणसे जमवली होती. हा माणूस वीस वर्षे या चित्रपटाच्या मागे होता. त्याच्या निष्ठेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

परतीच्या वाटेवर कागलच्या आसपास मागच्या बाकावरून एक मुलगा उठून माझ्याजवळ आला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या घरातला, अभ्यासात हुशार. म्हणाला, “सर, ह्यात बाबासाहेब कुठं हुते?”

मी थोडा गडबडलो. मग मास्तरी थाटात म्हणालो, “अरे, एवढं मोठं आयुष्य तीन तासांत कसं बसणार? काही ना काही सुटणारच.” चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर जी अक्षरे येतात त्यांचा आशयही हाच होता. मी पडद्यावरचे उत्तर पाठ करून त्याला दिले एवढेच. पोरगा काही बोलला नाही, जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पुन्हा आला. “आज्जा म्हंतोय, सरास्नी विचार, निपाणीला कोण आल्तं ते ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक, निपाणीतच वाढलेला, आणि मला ठाऊक नव्हते. पानिपतची तारीख माहीत, फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे माहीत. पण एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीला भरली होती आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे मला त्या आजोबांकडून कळले. पोरसवदा वयात त्यांनी बाबासाहेबांना पाहिले होते.

त्यानंतर मी जे वाचत गेलो त्याने चित्रपटाविषयीचे माझे मत हळूहळू बदलले.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजी त्याच वर्षी फेब्रुवारीत तुरुंगवासातून सुटले होते. तत्पूर्वी येरवड्याहून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून त्यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती आणि वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली होती. गंगाधरराव देशपांडे यांनी बेळगावच्या अधिवेशनाचा सारा भार उचलला. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तिथे गायल्या. गांधीजी आयुष्यात एकदाच राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनाचे. सभेच्या सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत, स्वतः कातून किंवा दुसऱ्याकडून कातवून घेऊन द्यावे, ही अट याच बेळगावात मान्य झाली.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, तिथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, याच जिल्ह्यातल्या निपाणीत बाबासाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी या अटीवरच बोट ठेवले. खादीवर आणि हिंदू-मुस्लिम ऐक्यावर गांधीजींचा जेवढा भर आहे तेवढा अस्पृश्यता-निवारणावर नाही. तसा असता तर सूतकताईची जशी अट घातली तशी अस्पृश्यता न पाळण्याचीही घातली असती, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. सगळ्यांनीच झिडकारलेल्या माणसाला महात्मा गांधींनी दाखवलेली सहानुभूतीही थोडकी नसते, असे ते म्हणाले. या वेळी बाबासाहेबांचे वय अवघे चौतीसच्या आसपास होते. दोघांची प्रत्यक्ष गाठ पडायला अजून सहा वर्षे होती. ती १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मणिभवनात पडली.

चित्रपटात १९२२ चा अहमदाबादचा खटला झाला की कथा थेट मिठाच्या सत्याग्रहाकडे उडी घेते. मधली आठ वर्षे गळतात आणि त्यांच्याबरोबर बेळगावही गळते. आपले गाव पडद्यावर दिसले नाही म्हणून मी रुसलो असे कुणी समजू नये. एखादे अधिवेशन सुटले तर सुटले. पण पुढे जे गळले आहे त्याला काय म्हणावे?

१९३१ ची लंडनची गोलमेज परिषद चित्रपटात आहे. त्या परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण, यावर गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात जो खडाजंगी वाद झाला तो नाही. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याने हिंदू समाज कायमचा दुभंगेल, असे गांधीजींचे मत. आमचे प्रतिनिधी आम्हालाच निवडता आले पाहिजेत, ही बाबासाहेबांची भूमिका. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. सारा देश बाबासाहेबांकडे पाहू लागला. महात्म्याचा प्राण त्यांच्या एका सहीवर टांगला होता. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. या कराराचे शल्य बाबासाहेबांच्या मनातून गेले नाही. १९४५ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि गांधी यांच्यावर एक अख्खे पुस्तकच लिहिले.

चित्रपटात चौरीचौऱ्यानंतरचा उपवास आहे, कलकत्त्याचा उपवास आहे. येरवड्याचा नाही. पुणे दिसते ते आगाखान पॅलेसपुरते. अस्पृश्यतेचा विषय अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात संडास साफ करण्यावरून गांधीजी कस्तुरबांवर संतापतात तो प्रसंग चित्रपटातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. पण तिथे अस्पृश्यता ही गांधीजींच्या घरातली गोष्ट राहते. ज्याच्या वाट्याला ती आली तो माणूस पडद्यावर येऊन स्वतःच्या तोंडाने काही सांगत नाही.

माझी निराशा इथे आहे. या चित्रपटातल्या गांधीजींसमोर उभे राहतात ते गोरे अधिकारी. त्यांना शरमिंदे करणे सोपे, कारण प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते की ते चुकलेले आहेत. जीना आहेत, पण तेही थंड नजरेचे, दुरावलेले असे रंगवलेले. येरवड्याच्या अंगणात मात्र खलनायक कुणीच नव्हता. दोन्ही माणसे आपली. एकाच्या हाती प्राण पणाला लावण्याचे बळ, दुसऱ्याच्या पाठीशी शतकांचे दुःख, आणि दोघांचेही म्हणणे ऐकून घ्यावे असे. त्या प्रसंगाने गांधीजीही बदलले. १९३३-३४ मध्ये देशभर जो हरिजन दौरा त्यांनी काढला त्याची मुळे याच वादात आहेत. बाबासाहेब वगळल्याने बाबासाहेबांचे काही बिघडले नाही. उणे झाले ते चित्रपटातले गांधीजी, कारण तोलामोलाच्या माणसाकडून खरे ऐकून घ्यावे लागलेला गांधी त्यात उरलाच नाही.

कुणी म्हणेल, परदेशी दिग्दर्शक, परदेशी प्रेक्षक, त्यांना हा गुंता कसा समजावा? पण या चित्रपटात आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचाही पैसा होता. पुढे डॉ. जब्बार पटेल यांनी बाबासाहेबांवर चित्रपट केला, तो २००० साली आला. बाबासाहेब झालेल्या मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि गांधीजी झाले होते मोहन गोखले. त्यात येरवडा आहे. म्हणजे तो प्रसंग चित्रपटात बसतो.

बेळगावच्या अधिवेशनाला २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षे झाली, निपाणीच्या परिषदेला २०२५ च्या एप्रिलमध्ये. आपल्या सीमाभागात आपण मराठी की कानडी यावर पुष्कळ बोलतो, आणि ते बोलायलाही हवे. पण देशातल्या एका फार मोठ्या वादाचे बेळगावातले पाऊल आणि निपाणीतले उत्तर, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. हे आपल्या मुलांना दोन्ही भाषांत सांगता यायला हवे.

ते आजोबा १९८३ च्या दिवाळीनंतर गेले. त्यांना भेटायला मी त्यांच्या घरी गेलो होतो तो एकदाच. चहा झाल्यावर त्यांनी मला विचारले, “पिच्चर चांगला हाय म्हनं?” मी म्हणालो, “चांगला आहे, आजोबा. पण अर्धाच आहे.” ते हसले आणि नातवाला म्हणाले, “सरास्नी उरल्याला अर्धा आता तू सांग.”