कासिकियारे : ओरिनोकोला फुटलेला फाटा

व्हेनेझुएलाच्या दक्षिण भागात, ला एस्मेराल्दा या वस्तीच्या थोडे खाली ओरिनोको नदीला फाटा फुटतो. मूळ नदी मोठा वळसा घेऊन अटलांटिकला मिळते. फाटा मात्र नैर्ऋत्येला वळतो, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर वाहत रिओ निग्रोत शिरतो आणि तिच्याबरोबर ॲमेझॉनला जातो. हाच कासिकियारे. फाट्याच्या तोंडाशी ओरिनोकोचे साधारण पाव पाणी त्यात जाते. ऋतूप्रमाणे हे प्रमाण कमीजास्त होते.

काठावरच्या आदिवासींची ही रोजची वाट होती. वाद घातला तो युरोपीयांनी. ओरिनोकोच्या काठी वर्षानुवर्षे राहिलेला जेझुइट पाद्री होसे गुमिया याने 1741 च्या आपल्या ग्रंथात ही जोड ठामपणे नाकारली. तीनच वर्षांनी त्याच पंथाच्या मान्युएल रोमानला ओरिनोकोवर गुलामांचे पोर्तुगीज व्यापारी भेटले. ते रिओ निग्रोकडून थेट होडीने आले होते! रोमान त्यांच्यासोबत रिओ निग्रोपर्यंत जाऊन आला. ॲमेझॉनमधून प्रवास केलेल्या ला कोंदामीनने 1745 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर ही जोड मांडली. तरीही 1798 मध्ये ब्युआश या फ्रेंच नकाशाकाराने ती भूगोलातली घोडचूक ठरवली. दोन मोठ्या नद्यांमध्ये डोंगर असलाच पाहिजे, हा पुस्तकी नियम प्रत्यक्ष प्रवाशांच्या साक्षीपेक्षा वजनदार ठरला होता.

अखेर मे 1800 मध्ये अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि एमे बाँप्लां यांनी रिओ निग्रोकडून कासिकियारे उलटा चढून ओरिनोको गाठली. डासांनी त्यांचे अतोनात हाल केले, पण हम्बोल्टने ताऱ्यांच्या वेधांवरून ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढले आणि वाद मिटवला. हा जलमार्ग व्यापाराने गजबजेल ही त्याची अपेक्षा मात्र फोल ठरली. काठ आजही विरळ वस्तीचेच आहेत.

फाट्याच्या जन्माचे कारण जमिनीच्या सपाटपणात आहे. इथे दोन खोऱ्यांमधला जलविभाजक जवळजवळ नाहीच. रिओ निग्रोकडचा उतार किंचित जास्त असल्याने तिकडचा प्रवाह उगमाच्या दिशेने जमीन झिजवत मागे सरकला आणि त्याने ओरिनोकोचा काठ गाठला. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. वाटेत पासिमोनीसारख्या उपनद्या मिळत जातात आणि वरच्या अंगाला गढूळसर असलेले पाणी मुखाकडे वनस्पतिद्रव्यांनी काळसर, आम्लधर्मी होते. त्यामुळे जोड असूनही दोन्ही खोऱ्यांतले सगळेच मासे पलीकडे जाऊ शकत नाहीत. पाण्यातला हा बदल काहींना मानवत नाही.

एरवी नदीचौर्याच्या खुणा ते घडून गेल्यावर सापडतात. इथे ते अर्ध्यावर आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूरूपशास्त्रीय अभ्यासानेही कासिकियारे ही चालू चोरीच असल्याचा निष्कर्ष काढला. ती पुरी झाली, तर ओरिनोकोचा वरचा सगळा भाग ॲमेझॉनच्या खोऱ्यात जमा होईल.