रोजमेळ आणि ताळेबंद : रोख प्रवाहाची दोन कुळं

आडतीवर संध्याकाळी आधी रोकड मिळवायची, मगच दुकान बंद करायचं, ही खानदेशातल्या बाजारपेठांची जुनी शिस्त. सकाळची शिल्लक, त्यात दिवसभराची जमा, त्यातून नावे टाकलेली रक्कम वजा; उरलेला आकडा गल्ल्यातल्या पैशांशी जुळलाच पाहिजे. हाच रोजमेळ. पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल आहेत, त्यांची रीतही हीच. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात छापलं जाणारं रोख प्रवाह पत्रक दोन पद्धतींनी करता येतं. त्यातली डायरेक्ट पद्धत या रोजमेळाच्या कुळातली. इनडायरेक्टचं कुळ मात्र निराळं. ती ताळेबंदाच्या पोटी आली, आणि तेही एका कारखान्याची अडचण झाली म्हणून.

तो कारखाना वेल्समधली डाउलेस आयर्न कंपनी. १८६३ साली मंदी ओसरली होती, वहीत नफा दिसत होता आणि नवी झोतभट्टी बांधायला पैसा नव्हता. नफा गेला कुठे, हे सांगण्यासाठी व्यवस्थापकाने दोन ताळेबंद शेजारी ठेवून फरक काढला. पैसा मालाच्या साठ्यात अडकला होता. आजच्या इनडायरेक्ट पद्धतीचं मर्म एवढंच आहे. नफ्यापासून निघायचं आणि दोन ताळेबंदांतल्या फरकांवरून रोकडीपर्यंत यायचं.

१९०८ साली हार्वर्डच्या विल्यम मोर्स कोल यांनी याच रीतीचं पत्रक आपल्या पुस्तकात शिकवलं : पैसा कुठून आला, कुठे गेला. त्यानंतर अनेक दशकं चलती राहिली ती फंड फ्लोची. त्यात रोकडीऐवजी खेळतं भांडवल, म्हणजे माल, येणी आणि रोकड यांतून चालू देणी वजा जाता उरणारा आकडा, मोजत. खोट तिथेच होती. उधारी वाढली, माल पडून राहिला, तरी खेळतं भांडवल भरभक्कमच दिसतं. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची मोठी साखळी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधीची बहुतेक वर्षं ती नफा दाखवत होती, पण धंद्यातून रोकड येत नव्हती. १९८७ मध्ये अमेरिकेच्या हिशेब मानक मंडळाने फंड फ्लोच्या जागी रोख प्रवाह पत्रक आणलं. मंडळाचा कल डायरेक्टकडे होता, पण सक्ती केली नाही. बहुतेक कंपन्यांनी इनडायरेक्टच उचलली. नफा आणि दोन ताळेबंद हाताशी असतातच, त्यामुळे काम सोपं.

चोपड्याकडची एक जिनिंग हिशेबापुरती धरू. कर आणि व्याज बाजूला ठेवू. वर्षाची विक्री ५०० लाख, कापसाची खरेदी ४४० लाख. साठा ३० लाखांवरून ५० लाखांवर गेला, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ४२० लाख. मजुरी, वीज वगैरे रोखीने ५० लाख, घसारा ८ लाख. नफा २२ लाख. इनडायरेक्टने जाऊ : २२ मध्ये घसारा ८ परत मिळवला, ३० झाले. ग्राहकांकडची येणी ४० वरून ६५ वर गेली, २५ वजा. साठ्याचे २० वजा. कापूसवाल्यांचं देणं २० वरून २६ झालं, ६ अधिक. उत्तर, उणे ९ लाख. आता रोजमेळाच्या वाटेने : ग्राहकांकडून आले ४७५, कापसाला गेले ४३४, मजुरी-विजेला ५०. पुन्हा उणे ९. नफा २२ लाख आणि घरातून, नाहीतर बँकेतून आणावे लागले ९ लाख.

आपल्याकडे हे पत्रक उशिरा आलं. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरच्या तेल गिरणीसाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, स्थापन झाली. तेव्हाच्या भागधारकाला नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांवरच भागवावं लागे. १९८१ मध्ये हिशेब मानक ३ आलं, तेही फंड फ्लोच्या धाटणीचं. १९९७ मध्ये ते रोख प्रवाहाचं झालं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीने १९९५ मध्येच सक्ती केली होती. मानकात दोन्ही पद्धतींना मुभा आहे, पण या कंपन्यांसाठी सेबीचा नियम फक्त इनडायरेक्टचा. विमा कंपन्यांना उलट डायरेक्टच लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने पत्रक वित्तीय विवरणांचा भाग केलं, छोट्या कंपन्यांना वगळून. भागीदारीतल्या जिनिंगला, डाळमिलला हा कायदाच लागू नाही. कॅश क्रेडिटसाठी बँकेत जाणाऱ्या सीएमए डेटात, म्हणजे कर्जाच्या अर्जासोबतच्या आकडेवारीत, मात्र जुना फंड फ्लो अजून जिवंत आहे.

पत्रकाचं मोल जळगावइतकं ठळक क्वचितच दिसतं. भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजारांच्या भांडवलावर रॉकेल विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे जैन इरिगेशन हा ठिबकचा मोठा उद्योग उभा राहिला. ठिबकची विक्री बिल होताच वहीत चढे, अनुदानाचा वाटा सरकारकडून सवडीने येई. मधला काळ येण्यांचा. पुढे जैन इरिगेशनने अनुदानावर विसंबून न राहता विक्रेत्यांना रोखीने माल द्यायचं धोरण घेतलं, शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळी वित्तसंस्थाही काढली. तरी २०१९ मध्ये कर्जफेड थकली आणि पतमानांकन ‘डी’वर आलं. २०२२ मध्ये बँकांशी कर्जाची फेररचना झाली. २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस कंपनीत विलीन करून कर्ज हलकं केलं. गावाला अभिमान वाटावा असा हा उद्योग, म्हणून त्याचे आकडे बारकाईने वाचणं मला आपुलकीचंच काम वाटतं.

इनडायरेक्ट पद्धत मला कमी दर्जाची वाटत नाही. पैसा कशात अडकला हे तीच दाखवते. कोणाकडून आला आणि कोणाला गेला हे डायरेक्ट सांगते. नियमाने एकच मागितली किंवा एकही नाही, तरी जिनिंग आणि डाळमिलवाल्यांनी आपल्या सीएकडून दोन्ही करून घ्याव्यात. बँक स्टेटमेंट आणि टॅलीतल्या नोंदी हाताशी असतातच. आणि वार्षिक अहवाल हातात आला की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका, रोख प्रवाह पत्रकात त्याखाली येणारी येण्यांची ओळ वाचा.