कोळी सारू आणि मराठी मोग्गू

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी जे बोलले ते लिहून द्या असा आग्रह झाला, म्हणून हे टिपण. बैठक मुद्दाम श्रावण लागायच्या आधी घेतली होती. विषय कोंबडीचा, नंतर घेतला असता तर ऐकणाऱ्यांची पंचाईत झाली असती.

माझी आई बेंगळुरूची. १९६१ साली लग्न होऊन बेळगावात आली. तिच्या तोंडी कोंबडीच्या पातळ रश्शाला ‘कोळी सारू’ हाच शब्द. कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी. आमच्या शहापूरच्या घरात मात्र कोळी म्हणजे एक तर मासे धरणारा, नाही तर भिंतीवरचा आठ पायांचा. मी पाच-सहा वर्षांची असताना शेजारी जाऊन सांगितलं, की आज आमच्याकडे कोळ्याचं सारू केलंय. ते गल्लीला पुढे कित्येक वर्षं चिडवायला पुरलं.

आईचं माहेर म्हणजे तिकडच्या मराठ्यांचं घर. बेळगावच्या लोकांना हे अजूनही नवलाचं वाटतं, म्हणून थोडं मागचं सांगते. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या फौजेने, रणदुल्लाखानाच्या हाताखाली, केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि बेंगळुरूची जहागीर त्यांच्याकडे आली. पुढची जवळपास पन्नास वर्षं हे शहर भोसल्यांचं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाजवळ एकोजीराजांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. भोसल्यांचा अंमल गेला, पण माणसं सगळी परत आली नाहीत. जी राहिली ती तिथलीच झाली. आडनावापुढे ‘राव’ लावायची तिकडची रीत. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, ते बेंगळुरूत अशाच मराठी घरात १९५० साली जन्मले. माझे आजोबाही ‘राव’च. देवघरात तुळजाभवानी, घरात मराठी, दारात कन्नड, आणि चुलीवर? चुलीवर दोन्ही.

चुलीवर काय शिजत होतं हे पोथ्यांतून शोधायला गेलं तर हात रिकामे राहतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, मांसाचे पुष्कळ प्रकार आहेत, पण ते राजाच्या ताटातले. मंगरस तिसरा याचं ‘सूपशास्त्र’ हे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं कन्नड पाकशास्त्र, पण ते शाकाहारी. त्यात मनुस्मृतीने गावठी कोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवलेला. लिहिणारे हात बहुतेक न खाणाऱ्यांचे आणि खाणारे हात न लिहिणाऱ्यांचे, असा हा प्रकार आहे. त्यामुळे कोंबडीच्या इतिहासाची साधनं म्हणजे आज्ज्या, माम्या, आणि मसाल्याचे डबे. आपल्या मंडळाने या साधनांना कागदपत्रांइतकंच मानावं असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

आता सारू कसं व्हायचं ते. कोंबडी ‘नाटी’, म्हणजे गावठी, अंगणात वाढलेली. पिसं काढली की तिला हळद चोळून जाळावर धरायची आणि कातडं तसंच ठेवायचं. आईचं म्हणणं असं की चव कातड्यात आणि हाडात असते, मांस नुसतं चघळायला. वाटण दोन. पहिलं हिरवं : कांदा, आलं, लसूण, मूठभर कोथिंबीर. त्यात तुकडे परतून, हळद-मीठ घालून बेताच्या पाण्यात शिजवायचे. गावठी कोंबडी तासाभराच्या आत ऐकत नाही. दुसरं वाटण नंतरचं : भाजलेले धणे, मिरी, दालचिनी, लवंग, खसखस, डाळं, ब्याडगी मिरची आणि ओलं खोबरं. डाळ्याला ती ‘हुरिगडले’ म्हणायची, खसखशीला ‘गसगसे’. मिरची मात्र आमच्या बाजूची. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, रंगाला लाल आणि जिभेला सौम्य; २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आईच्या माहेरीही वर्षाची ब्याडगी भरून ठेवायचे, म्हणजे निदान मिरचीच्या बाबतीत सासर-माहेर एक होतं.

बाकी सगळं वेगळं. बेळगावकडच्या रश्शात सुकं खोबरं, तीळ, निखाऱ्यावर भाजलेला कांदा, चटणी, आणि वर बोटभर तर्री. जोडीला जोंधळ्याची भाकरी. आईचं सारू तांबूस, पातळ, वर तेलाचे चार थेंब. जोडीला नाचणीचा मुद्दा, गरम गोळा. तो चावायचा नाही. बोटाने तुकडा तोडायचा, सारूत बुडवायचा आणि गिळायचा. माझ्या आज्जीने (वडिलांच्या आईने) पहिल्यांदा हे ताट बघितलं तेव्हाचं वाक्य घरात अजून चालतं : “हे काय गं? कोंबडीचा कट केलीस का? तर्री कुठं हाय ह्याला?”

आज्जी वाईट नव्हती. तिच्या काळी कोंबडी घरातल्या चुलीवर चढतच नसे. परड्यात तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यात. ती जावयाला, बाळंतिणीला, लांबून आलेल्या पाहुण्याला. अशा वस्तूत सुनेने ढवळाढवळ केलेली तिला खपत नव्हती. त्यात आईने पहिल्याच वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कोंबडी आणायची गोष्ट काढली. जुन्या म्हैसूरकडे उगादीच्या दुसऱ्या दिवसाला ‘होस तोडकु’ म्हणतात, त्या दिवशी खाणाऱ्या घरांत मटण नाही तर कोंबडी ठरलेलीच. आमच्याकडे होळीनंतरची धुळवड चालायची, खंडेनवमी चालायची, पण पाडव्याच्या पाठोपाठ? “कानडी रीत हितं नको,” एवढंच आज्जी म्हणाली.

हा ‘कानडी’ शब्द त्या काळात साधा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. आमच्या घरातली माणसं मोर्च्यांना जात होती. आणि मी, अकरा-बारा वर्षांची, एका रविवारी मैत्रिणी जेवायला येणार म्हणून आईला बजावलं, “तुझं ते कानडी सारू करू नको. आपल्यासारखं कर.” आई काही बोलली नाही. तर्रीचा रस्सा केला, भाकऱ्या केल्या. त्यानंतर तीसेक वर्षं आमच्या घरात कोळी सारू झालं नाही. आज्जी गेल्यावरसुद्धा नाही. दोष आज्जीवर टाकायची सोय आहे, पण शेवटचं वाक्य माझं होतं.

गंमत अशी, की बेंगळुरूत आईच्या माहेरच्यांना शेजारी ‘मराठी’ म्हणत आणि त्यांच्या मांसाहारी जेवणाची कीर्ती होती. जुन्या म्हैसूरकडे शाकाहारी खाणावळीला ब्राह्मण हॉटेल आणि मांसाहारीला ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणायची पद्धत पडली, आणि बेंगळुरूतली बरीच नावाजलेली मिलिटरी हॉटेलं मराठ्यांनी चालवली. कॉटनपेटेतलं एस. जी. राव, जयनगरचं शिवाजी मिलिटरी. तिथला मुद्दा, सारू, द्रोणातली बिर्याणी आज अस्सल कन्नड खाणं म्हणून लोक रांगा लावून खातात. आणि ते खरंही आहे. साडेतीनशे वर्षं एका मातीत राहिल्यावर वेगळं काय होणार?

ब्रॉयलर आल्यावर गावठी कोंबडी महागली आणि दुर्मीळ झाली. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने परसात पाळायला ‘गिरिराज’ जात काढली. ती बरी, पण आईला पसंत नव्हती.

शेवटच्या आजारात तिला तोंडाला चव नव्हती. एके दिवशी आपण होऊन म्हणाली, “कोळी सारू करतेस काय?” मला येत नव्हतं. बेंगळुरूच्या मावशीला फोन लावला, लिहून घेतलं, सांबऱ्याकडून गावठी कोंबडी मिळवली. मिक्सरवर दोन्ही वाटणं केली. आईने दोन चमचे घेतले, जरा थांबली, आणि म्हणाली, “छान झालंय. मोग्गू नाही घातलंस.”

मोग्गू म्हणजे कळी. पूर्ण नाव ‘मराठी मोग्गू’. लवंगेचा थोरला भाऊ दिसावा अशी तपकिरी कळी, सावरीच्या जातीच्या झाडाची, वाळवलेली. चव मिरी आणि मोहरीच्या मधली. तमिळमध्ये मराट्टी मोक्कु, तेलुगूत मराठी मोग्ग. बिसीबेळे भाताच्या मसाल्यात असते, चेट्टिनाडच्या कोंबडीत दगडफुलाबरोबर असते. दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यातही आहे, पण मराठी मोग्गू? बैठकीत मी ती फिरवली तेव्हा तीसपैकी दोघींनी ओळखली, आणि त्या दोघींचंही माहेर दक्षिणेतलं. नावावरून लगेच शहाजीराजांपर्यंत पोचायचा मोह आवरावा; विलायती चिंचही विलायतेची नाही, मूळ अमेरिका खंडातली. मला एवढंच दिसतं, की साऱ्या दक्षिणेत ज्या वस्तूला मराठी म्हणतात, ती घातल्यामुळे आमच्या मराठी घरात आईचा रस्सा कानडी ठरला होता.

त्या दिवशी मोग्गू घरात नव्हती. बेळगावच्या बाजारात दोन दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. मावशीने पोस्टाने पाठवली ती पोचेपर्यंत आई गेली होती. पुडीत अकरा कळ्या होत्या आणि चिठ्ठीवर मावशीच्या अक्षरात : “एका कोंबडीला एकच. कोरडी भाजायची, खोबऱ्याबरोबर वाटायची. दोन घातल्यास कडू होतं.”

मी एकच घालते.