ड्रिफ्ट मोटार, रेडिओ-नियंत्रित : निवड व जुळणी

रेडिओ-नियंत्रित ड्रिफ्ट मोटार ही विजेवर चालणारी, बहुधा मूळ मोटारीच्या एकदशांश प्रमाणात घडविलेली प्रतिकृती असून, वळणावर तिची मागची चाके हेतुपुरस्सर घसरवीत, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेस फिरवून, आडव्या अंगाने परंतु ताबा न सोडता ती चालविणे हे तिचे प्रयोजन होय. शर्यतीच्या प्रतिकृतीत वेग हे साध्य असते व घसरण हा दोष मानला जातो. येथे घसरण हेच साध्य असून तिची रेषा, तिचा कोन आणि पुढे धावणाऱ्या गाडीशी राखलेले निकटचे अंतर यांवर चालकाचे कसब जोखले जाते.

हा छंद जपानमध्ये उदयास आला. तेथील घाटरस्त्यांवर रुजलेल्या खऱ्या मोटारींच्या ड्रिफ्टिंगला केइची त्सुचिया या चालकाने लोकमान्यता मिळवून दिली, शुइची शिगेनो यांच्या १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथामालेने त्याचे वेड तरुणांत पसरविले आणि २००० च्या सुमारास ‘डी-१ ग्रां प्री’ या स्पर्धांनी त्याला रीतसर व्यासपीठ दिले. प्रतिकृतींचे ड्रिफ्टिंगही याच लाटेबरोबर वाढले. आरंभीच्या गाड्या म्हणजे चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या शर्यतीच्या गाड्याच होत्या, फरक एवढाच की रबराच्या जागी कठीण प्लॅस्टिकचे टायर चढविलेले असत. पुढे मागची चाके पुढच्यांहून अधिक गतीने फिरविण्याची युक्ती निघाली, आणि अखेरीस केवळ मागच्या चाकांना शक्ती देणारी रचना सर्वमान्य झाली. आज स्पर्धांत प्रायः हीच आढळते.

नवशिक्याने गाडीची चौकशी करण्यापूर्वी जागेची चौकशी करावी, हा क्रम उलटा वाटला तरी तोच योग्य होय. ड्रिफ्ट गाडीची चाल यंत्रापेक्षा टायर व जमीन यांच्या संबंधावर अधिक अवलंबून असते. गालिचा, गुळगुळीत फरशी, घोटलेला कोबा आणि डांबर या प्रत्येकाची पकड भिन्न, म्हणून प्रत्येकाला साजेसा टायरही भिन्न. अनेक मैदानांवर सर्वांनी एकाच मुक्रर जातीचा टायर वापरावा असा शिरस्ता असतो, कारण एरवी दोन गाड्या परस्परांना चिकटून चालणे दुरापास्त होते. घरच्या दिवाणखान्यातली किंवा सभागृहातली फरशीही सरावास चालते, मात्र ती झाडून घेणे अगत्याचे, कारण वाळूचे चार कण कोणत्याही जुळणीचा विचका करतात.

सांगाड्यांपैकी तैवानच्या एमएसटी कंपनीचा आरएमएक्स, जपानच्या योकोमोचा वायडी-२ व रेव्ह डीचा आरडीएक्स, तसेच हाँगकाँगच्या थ्री-रेसिंगचा साकुरा डी-५ हे मागच्या चाकांवर चालणारे प्रसिद्ध नमुने होत. तामिया कंपनीचा टीटी-०२डी हा चौचाकी, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणारा, सांगाडा बळकट असून जुळणीची कला शिकण्यास उत्तम. परंतु ज्याला इतरांसह मैदानात उतरावयाचे आहे, त्याने प्रथमपासूनच मागच्या चाकांची गाडी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण चौचाकी गाडीवर हाताला लागलेली सवय पुढे मोडावी लागते.

खर्चाचे तारतम्य ठेवताना बहुतेकांची नजर इलेक्ट्रिक मोटरीच्या ताकदीवर व बाह्य कवचाच्या रूपावर जाते, आणि जायरो व पुढची चाके वळविणारा सर्व्हो यांच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात; वस्तुतः हा जमाखर्च नेमका उलटा असावयास हवा. खऱ्या मोटारीतला चालक गाडी फिरू लागताच तो हिसका स्वतःच्या पाठीला अनुभवतो. प्रतिकृतीचा चालक बाहेर उभा असल्याने त्याला तो डोळ्यांनीच टिपावा लागतो, आणि तोवर गाडी गिरकी घेऊन मोकळी होते. ही उणीव जायरो भरून काढतो : गाडीचे फिरणे ओळखून तो सर्व्होकरवी पुढची चाके उलट दिशेस वळवितो. म्हणून सर्व्हो चपळ हवा; ६० अंश फिरण्यास ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणारा असल्यास बरे. मोटर १३.५ किंवा १०.५ वेढ्यांची, संवेदकयुक्त ब्रशविरहित प्रकारची पुरेशी होते, व तिला दोन घटांची, ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी लागते.

जुळणीत क्रमाला महत्त्व आहे. सर्व्होला वीज देऊन तो मध्यावर आणल्यानंतरच त्याचा दांडा बसवावा. मग दोन्ही बाजूंस चाके सारखीच वळतात व शेवटच्या टोकाला कोठे अडकत नाहीत याची खातरजमा करून ट्रान्समीटरवर मर्यादा ठरवाव्यात. त्यानंतर गाडी हातात धरून तिचे नाक डावीकडे फिरवावे. पुढची चाके उजवीकडे वळली तर जायरो ठीक, अन्यथा त्याची दिशा उलटवावी. ही परीक्षा न करता गाडी जमिनीवर सोडणाऱ्यास ती प्रथम वेग देताच जागच्या जागी गरगर फिरताना दिसते, आणि दोष सांगाड्याला दिला जातो. जायरोची तीव्रता हळूहळू वाढवीत न्यावी. सरळ धावताना पुढची चाके थरथरू लागली की ती किंचित उतरवावी. पुढच्या चाकांचे माथे ५ ते ८ अंश आत झुकलेले, मागच्यांचे १ ते ३ अंश, स्प्रिंगा मऊ व भार मागे अधिक, एवढ्यावर आरंभ करण्यास हरकत नाही. सूक्ष्म फेरफार नंतर व एका वेळी एकच करावा.

बॅटरी दोन्ही घट समतोल राखणाऱ्या चार्जरनेच भरावी, दर घटाचा दाब ३ व्होल्टखाली जाऊ देऊ नये, फुगलेली बॅटरी बिलाशक बाद करावी व भरताना जवळ कोणीतरी असावे. यात हयगय केल्यास आग लागू शकते.

सराव एका खुंटीभोवतीच्या वर्तुळापासून, दोन्ही दिशांनी, व मग इंग्रजी आठाच्या आकृतीने करावा. रंगीत ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांचा मोह मात्र तूर्त आवरावा. नवशिक्याच्या गाडीची चाल त्यांनी फारशी सुधारत नाही, आणि तोच पैसा टायरांचा दुसरा संच व एक जादा बॅटरी यांवर अधिक सार्थकी लागतो.